सिनेमाचा हात

गुणाजी,

तू गेल्यापासून जो तो मला तुझे गुण सांगायला येतो. सुंभाची बंडलं घेऊन दुकानात आलेला माणूस आधी तुझं नाव काढतो, डोळे पुसतो आणि मग भाव करायला लागतो. मी ऐकून घेतो. तुझे गुण मला दुसऱ्याकडून विकत घ्यायचे नाहीत, ते मी लहानपणीच फुकट पाहिले आहेत. दशावतारात तुझा राजा कसा उभा राहायचा, तू देवळासमोर तलवार उपसलीस की पार आचऱ्याहून आलेली माणसंही चहा टाकून कशी धावायची, हे ज्यांना लिहायचं त्यांनी लिहावं. मला तुझ्याशी भांडायचं आहे. हे भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलास, आणि अर्ध्यावर सौदा सोडून उठणारा माणूस मला कधीच आवडला नाही.

कशावरून ते तुला ठाऊक आहे. त्या खुर्चीवरून.

तंबूतला सिनेमा गावात आणायचं माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी नवा नवा शेट झालो होतो. दुसऱ्यांचे नारळ डोक्यावरून बंदरावर वाहता वाहता एके दिवशी माझे नारळ दुसऱ्यांच्या डोक्यावर चढले, आणि लोक भिक्याचं भिकाशेट म्हणायला लागले. तू सोडून. मालवणात मला घाटावरचा एक तंबूवाला भेटला. त्याच्याकडे दोन सिनेमे होते, एक देवाधर्माचा आणि एक लढाईचा. सगळ्यांनी सांगितलं, देवाचा घे, बायामाणसं येतील, आरत्या होतील. मी लढाईचा घेतला. तंबूवाला माझ्याकडे बघतच राहिला. दर ठरवताना मी त्याला रडकुंडीला आणलं होतं, आणि माल निवडताना असा वेडेपणा.

त्याला मी काय सांगणार होतो? आपण मळ्यात माडाच्या झावळीच्या दांड्याने लढायचो. तू रोज राजा व्हायचास आणि मी रोज राक्षस. रोज मी मरायचो. एकदा म्हटलं, "गुण्या, आज मिया राजा." तू म्हणालास, "हो. पण मरतलंस तूच." आणि खरोखर राजा होऊनसुद्धा मीच मेलो. पुढे तू त्या तलवारीवरच पोट भरायला लागलास, लाकडाची असली म्हणून काय झालं. या सिनेमात खरी घोडी होती, किल्ला होता, आणि किल्ल्याच्या दरवाज्यात एकटा उभा राहून शेकडोंना अडवणारा एक लढवय्या होता. तंबूवाल्याने मला त्यातली तेवढी झुंज आधी दाखवली. ती बघताना माझ्या मनात एकच होतं, हे गुणाजीने बघायला हवं. एवढ्या मोठ्या धंद्यात मी एकाच गिऱ्हाइकासाठी उचललेला माल तो हा.

सिनेमाच्या पेट्या मुंबईच्या बोटीने आल्या, तिथून होडीने किनाऱ्यावर आणि किनाऱ्यावरून बैलगाडीने आपल्या गावात. तंबू कापणी झालेल्या मळ्यात लागला. पडदा तंबूच्या मधोमध. पुढच्या बाजूला बाकं आणि खुर्च्या. मागच्या बाजूला पेंढा पसरलेला, तिथे दर कमी. तिथे बायामाणसं, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे आणि ज्यांना मोठ्या लोकांसमोर बसायचा संकोच ते सगळे. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर बादल्यांनी पाणी मारायचे, म्हणजे ओल्या कापडातून चित्र मागेही चांगलं दिसायचं. फक्त मागच्यांना ते आरशातल्यासारखं उलट दिसे, उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे. तंबूवाल्याने हे मला सांगितलं होतं. मागे बसणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मी तुझ्यासाठी खुर्ची आणली. आमच्या घरात मी लहान असताना पाटसुद्धा मोडका होता. चार पैसे मिळाल्यावर मालवणच्या सुताराकडून मी हातांची खुर्ची करून घेतली होती, तीच डोक्यावर घेऊन गेलो. गड्याला नेऊ दिली नाही. पहिल्या रांगेत, एका बाजूला देवळाचे मानकरी, दुसऱ्या बाजूला शाळेचे मास्तर, आणि मधे तुझी खुर्ची. काहींनी नाकं मुरडली. दशावतारी माणूस मानकऱ्यांच्या शेजारी? मी म्हटलं, तंबू माझा, खुर्ची माझी, ज्याला अडचण वाटते त्याने मागे पेंढ्यावर बसावं.

तू आला नाहीस.

मी मशीनवाल्याला थांबवून ठेवलं. लोक ओरडायला लागले, पडदा सुकायला लागला. शेवटी खेळ सुरू झाला आणि खुर्ची रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी रिकामी. तिसऱ्या दिवशी मानकऱ्यांनी शेजारच्या खुर्चीला हात जोडले आणि म्हणाले, "भिकाशेट, ह्यो कोणचो देव बसयलास मधी? दिसना पण नाय आणि पावना पण नाय." सगळी पुढची बाजू हसली. तंबू उठेपर्यंत त्या खुर्चीत कोणी बसलं नाही. बसू दिलं नाही मी.

तुला माहीत आहे, माल विकला की मी गिऱ्हाइकाला तोंडावर विचारतो, कसा निघाला म्हणून. तसाच मी रोज खेळ सुटल्यावर तंबूच्या तोंडाशी उभा राहायचो आणि प्रत्येकाला विचारायचो, कसो वाटलो? आपल्या गावाने मला काय काय ऐकवलं ते तू असतास तर पोट धरून हसला असतास.

मास्तर म्हणाले, "भिकाशेट, असले अंगरखे त्या काळात नव्हते. पण घोडे छान पळतात."

मानकरी म्हणाले, "लढाय बरी. पण लढायेक जाताना देवाक गाराणा खंय घातला? आपण नांगर धरताना गाराणा घालतंव. हो येवढो लढायेक गेलो, देवाक सांगूक नाय. मगे मरतलो नाय तर काय होतला?" त्यांच्या मते सिनेमात चूक एवढी एकच होती, आणि सगळा अनर्थ तिच्यामुळे झाला होता.

एक मासेवाली टोपली सावरत माझ्यासमोर उभी राहिली. "इतकी माणसा मेली," ती म्हणाली, "आणि एकाची पण बायल रडूक इली नाय. सिनेमा करणाऱ्याचा लगीन झाला नाय असतला." मी हसलो, पण घरी जाईपर्यंत तिचं बोलणं डोक्यातून जाईना.

आणि मालूआजी. दशावतारी मंडळी गावात आली की घरोघर वाटून घेऊन त्यांना जेवू घालायची आपली रीत. मालूआजी सुपात तांदूळ, डाळ आणि नारळ घेऊन आली आणि मला म्हणाली, "भिकू, तो दरवाजात उभो होतो तो झील खंय आसा? सांजपासून झुजता, एक घास नाय तेच्या तोंडात. आज तो आमच्याकडे जेवतलो."

"आजये, तो हडे नाय. तो थंय मुंबयक."

"मगे आता मिया बघलंय तो कोण?"

मी बऱ्याच तऱ्हेने समजावलं. ती सूप घेऊन तशीच उभी. शेवटी तो शिधा घेतला, मशीनवाल्याला रांधून घातला आणि तिला जाऊन सांगितलं, तो जेवला. तेव्हा कुठे तिने मत दिलं. "मगे सिनेमा बरो."

सगळ्या गावाने मत दिलं, गुणाजी. ज्याचं मत मला हवं होतं त्याची खुर्ची रिकामी.

आणि मग चहाच्या दुकानातला तो वाद. तो तू विसरला नसशील. तंबू अजून उभा होता. पुढे बसणारे म्हणत, लढवय्याने तलवार उजव्या हाताने फिरवली. मागे बसणारे म्हणत, डाव्या. बघता बघता दुकानाचे दोन भाग झाले.

"डावरो होतो तो. मिया दोनदा बघलंय."

"तुजे डोळे खंय होते?"

"माजे डोळे थंयच होते. तुजे खुर्चेत बसान जड झाले."

मी मधे पडलो. मागून चित्र उलट दिसतं हे सांगितलं. रापणीवरचा एक तरणा उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे शेटनू, आमी दर कमी दिलो म्हणान आमका उलटो माणूस दाखयलास?" दुकान हसून कोसळलं. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. "सिनेमा हाडलो कोणी? मिया. तो उजवो होतो म्हणजे उजवो होतो. हेच्या पुढे कोणी बोलूचा नाय."

कोपऱ्यात तू बसला होतास. कप तोंडाला लावलेला. सगळे खाली बघत होते आणि तू एकटा त्या कपात हसलास. आवाज न करता, खांदे हलवून. कप खाली ठेवलास आणि निघून गेलास. ते हसू फक्त मी बघितलं. मला वाटलं, हा माझ्या सिनेमाला हसतो. तलवारीवर पोट भरणारा माणूस म्हणून हसतो.

तंबू उठला त्या दिवशी खुर्ची डोक्यावर घेऊन मी घरी न जाता तुझ्या घरापुढच्या खळ्यात आलो. तू मुकुटाला बेगड लावत बसला होतास. वहिनी तुळशीपाशी होती. मी खुर्ची तुझ्यापुढे आदळली.

"बस हेच्यार."

"कित्याक?"

"बस म्हणतंय ना."

तू बसला नाहीस. बेगडाचा कागद जिभेने ओला करून मुकुटावर चिकटवत राहिलास. मी विचारलं, "कसो होतो माजो सिनेमा?"

"बघूक नाय तर काय सांगू, भिक्या? आमचो खेळ पण रातचोच. येळ नाय गावलो."

हे तू मला सांगितलंस. तुझा खेळ जेवणंखाणं आटोपल्यावर सुरू होतो आणि माझा दिवेलागणीला, ही वेळ मी मुद्दाम तुझ्यासाठी बांधून घेतली होती हे तुला ठाऊक असताना. मी म्हटलं, "बरा तर. तू माजो सिनेमा बघूक नाय, मियाय जत्रेतलो तुजो खेळ, तुजो दहीकालो, बघूचंय नाय. सिनेमा कसो होतो ता ज्या दिवशी सांगशीत, त्या दिवशी येतलंय."

"बघल्याशिवाय कसा सांगतलंय?" तू म्हणालास आणि हसलास. तेच हसू. मी खुर्ची उचलली आणि घरी आलो.

माझा शब्द मी पाळला. एकाही जत्रेत तुझा खेळ पाहिला नाही. देवळात सकाळी दर्शनाला जायचो आणि दशावतारी पेटारे उघडायच्या आत घरी यायचो. बाकी आपलं सगळं चालू होतं. माझ्या मुलीच्या लग्नात तू पंगत वाढलीस. माझा बाप गेला तेव्हा तू माझ्या बाजूला बसून राहिलास, आणि मी कोणावर तरी ओरडायला उठलो की माझं धोतर धरून मला खाली बसवायचास. दर वर्षी जत्रेच्या सकाळी खेळ संपून दहीहंडी फुटली की वहिनी दहीकाल्याचा प्रसाद द्रोणात घेऊन माझ्या दारात यायची, आणि मी तो खायचो. न पाहिलेल्या खेळाचा प्रसाद. आणि दर वर्षी जत्रेच्या आधी तू मला बाजारात गाठायचास.

"औंदा येतंस?"

"सिनेमा कसो होतो?"

"बघूक नाय रे."

"मगे येवचंय नाय."

तू मान हलवून पुढे जायचास. मी आयुष्यभर भाव केले, गुणाजी. समोरचा माणूस कुठे वाकेल ते मला त्याच्या पायांच्या उभं राहण्यावरून कळतं. तू एकटा असा निघालास की कधीच वाकला नाहीस आणि उठून गेलाही नाहीस.

याच काळात कधीतरी मला दिसलं की तुझा उजवा खांदा गेला आहे. चहात चमचा ढवळायचास तो डाव्या हाताने. अडकित्ता डाव्या हातात. दुसऱ्याला काही द्यायचं झालं तर उजवा हात, स्वतःपुरतं सगळं डावं. मला वाटलं, इतकी वर्षं तलवार फिरवून हाड झिजलं. तू सांगणार नाहीस हे माहीत होतं, म्हणून मीही विचारलं नाही. सावंतवाडीच्या वैद्याकडून खांद्याला चोळायचं तेल आणवलं आणि गड्याच्या हाती धाडलं. तू ते ठेवून घेतलंस. दुसऱ्या दिवशी बाजारात भेटलास तेव्हा म्हणालास, "तेल बरा आसा हां." दुसरी बाटली धाडली. पुढे दर पावसाळ्याआधी धाडत गेलो. आपण भांडत होतो ते वेगळं.

मग भात कापायला आलं आणि तू साध्या तापाचं निमित्त करून गेलास. जत्रा तोंडावर आली होती. मी शेवटच्या दिवशी तुझ्या उशाशी होतो. तुझी जीभ जड झाली होती. मी कानाशी वाकून म्हटलं, "सिनेमा कसो होतो, गुण्या?" मला वाटलं, माणूस जाताना तरी भाव सोडतो. तू माझ्याकडे बघितलंस, ओठ हलले, आणि मला स्पष्ट कळलं तू काय म्हणालास. "औंदा ये."

जत्रा आली. यंदा राजाचं काम, तुझं राजपार्ट, दत्ताराम करणार होता, तू घडवलेला. मी घरीच बसणार होतो. दुपारी वहिनीने निरोप धाडला म्हणून तुझ्या घरी गेलो. ती दारातच उभी होती.

"भावजीनू, औंदा जावा."

"माजी अट आसा, वयनी. तुमका म्हायत आसा."

"अट कोणाक घालतल्यात आता?" ती म्हणाली. रडून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती सरळ बोलली. मी आलो तसा घरी परतलो.

खेळ रात्रभर चालला होता; उजाडायच्या सुमाराला मी देवळात आलो. झुंज शेवटी असते हे मला माहीत होतं. लोक थंडीने आखडून बसले होते. मी मागे खांबाला टेकून उभा राहिलो. काहींनी मला बघितलं आणि एकमेकांना कोपर मारलं.

दत्ताराम चांगला आहे. तू नाहीस, पण चांगला आहे. राक्षसाशी त्याची झुंज सुरू झाली, पेटी आणि मृदंग चढत गेले, तलवार उजव्या हातात, तुझीच पावलं, तीच गिरकी. मला मळ्यातली झावळ आठवली आणि मी दात आवळून उभा राहिलो. मग राक्षसाने वार केला आणि राजाच्या हातून तलवार निसटली. खाली पडली. मृदंग थांबला. माझ्या लक्षात आलं की सगळी माणसं पुढे सरकली आहेत. पोरं थोरांच्या खांद्यांवर चढली होती. माझ्याजवळचा म्हातारा आपल्या नातवाला म्हणाला, "आता बघ. आता सिनेमाचो हात येतलो."

मी त्याच्याकडे वळलो. "काय म्हटलास?"

"सिनेमाचो हात," तो म्हणाला. जसं काही ते सगळ्या जगाला माहीत असावं.

दत्तारामने पायाने तलवार उडवली आणि डाव्या हातात झेलली. राक्षसाची ढाल भलत्याच बाजूला राहिली. आणि मग तो लढला, गुणाजी. किल्ल्याच्या दरवाज्यात तो माणूस जसा लढला होता तसा. एक पाय मागे रोवून, मान खाली घालून, खांद्याजवळून निघणारा तो आडवा वार, मग माघार घेतल्यासारखं करून उलटा वार. एकही पाऊल वगळलं नव्हतं. तंबूतला तो सिनेमा मी रोज बघितला होता, त्यातला प्रत्येक वार मला पाठ होता. सगळं तसंच होतं. फक्त हात दुसरा होता. आरशात दिसावा तसा.

तेव्हा मला कळलं तू कुठे बसला होतास.

हंडी फुटली. लोक प्रसादाला धावले. मी गर्दीत घुसून द्रोण भरून घेतला, ज्यांना धक्के दिले ते माझं तोंड बघून बाजूला झाले, आणि तो द्रोण घेऊन मी तुझ्या घरी गेलो. इतकी वर्षं तो तुझ्या घरून माझ्याकडे यायचा. वहिनी खळ्यात वाट बघत होती.

"बघलास?" तिने विचारलं.

मी खाली बसलो. "तो मागे बसा होतो?"

"रोज," ती म्हणाली. "काळोख झालो की कांबळा घेवन येयत. माज्या बाजूक बसत. खेळ सुटान दिवे लागाच्या आधी उठान जायत. मागच्या बाजूक सगळ्यांका म्हायत होता. तेनी हात जोडून सांगितल्यानी, भिक्याक सांगा नकात."

"पण कित्याक, वयनी? खुर्ची मांडलेली तेच्यासाठी."

"म्हणानच." ती म्हणाली. "भावजीनू, तुमचो तंबू इलो तेव्हा गावागावात लोक म्हणा होते, आता जत्रेक दशावतार कित्याक व्हयो, तंबूच हाडूया. ते खुर्चेत बसले असते तर सगळो गाव पडद्याकडे नाय, तेंच्या तोंडाकडे बघतलो होतो. बरो म्हटला असता तर आमची कंपनी बसली असती. वायट म्हटला असता तर तुमचो तंबू रिकामी झालो असतो. खेळाच्या बाबतीत खोटा बोलूक तेंका येयना. आणि बघल्याशिवाय तर रवताच येयना."

"मगे मागाहून सांगूचा होता. इतकी वर्सा."

"मिया म्हणी होतंय. तर म्हणत, सांगलंय तर तो येतलो, टाळी वाजयतलो आणि घराक जातलो. माका तेका दाखवूचा आसा. तो येवंदे, मगे बघीत." वहिनी द्रोणाकडे बघत होती. "तुमी अट घातलात तशी तेंचीय अट होती."

"आणि गावात कोणी माका कसा सांगूक नाय?"

"तुमच्यासमोर सिनेमाचा नाव काढूची छाती कोणाची होती?"

मला एकाएकी ते तेल आठवलं. मी विचारलं. आणि वहिनी, जी तुझ्यामागे अजून ओठ उघडून हसली नव्हती, ती तोंडाला पदर लावून हसली. "ता तेल? ता डाव्या खांद्याक लायत. सवय नसलेलो हात, रोज पडवेत फिरवत, दुखा. म्हणत, भिक्यान बरोबर येळेर धाडल्यान."

दहीकाला तिने थोडा खाल्ला, थोडा मी.

मी त्या वेळी काय करत होतो सांगू? रागावलो होतो. अजून आहे. तू माझ्या खुर्चीत बसला असतास तर सगळ्या गावासमोर मी मान वर करून बसलो असतो, त्या मानकऱ्यांच्या नाकावर टिच्चून. ते सुख तू मला दिलं नाहीस. चहाच्या कपात हसलास तेव्हा मी डोळ्यांना पाणी येईपर्यंत चिडलो होतो, आणि तू मनात म्हणत होतास, ह्या भिक्याला स्वतःच्या सिनेमातला माणूस डावरा आहे हेसुद्धा कळत नाही. बघ किती बोलण्यासारखं होतं आपल्याकडे. एका शब्दाने सुरू झालं असतं. तू तो शब्द इतकी वर्षं देवळासमोर तलवारीने बोलत राहिलास आणि मी घरी बसून प्रसाद खात राहिलो.

इतक्यात दत्ताराम आला. अंगावरचा रंग अर्धवट पुसलेला, हातात तुझी तलवार. ती त्याने वहिनीच्या पायाशी ठेवली आणि नमस्कार केला. मग माझ्याकडे वळला. माझ्याशी बोलायला त्याला धीर करावा लागला हे दिसत होतं.

"शेटनू, एक इचारू? रागावशात नाय?"

"इचार."

"शेवटचो हात गुणाजीकाकांनी सिनेमातसून घेतलो. ते नेहमी म्हणत, तो लढवय्यो डावरो होतो. पण मास्तर म्हणतत, नाय, तो उजवो होतो, आमचो सगळ्यांचोच हात चुकता. तुमी सिनेमा हाडलात. तुमकाच खरा म्हायत. चुकत असला तर पुढच्या खेळापासून मिया हात बदलतंय."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिने तलवारीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

ज्या गोष्टीवरून मी चहाच्या दुकानात टेबल फोडायचं बाकी ठेवलं होतं, तिच्यावर मला पुन्हा निकाल द्यायचा होता. मी दत्तारामला म्हटलं, "मास्तर कपडे बघूक गेले होते. सिनेमा हाडलो कोणी? मिया. तो डावरो होतो म्हणजे डावरो होतो. हात बदललंस तर माज्याशी गाठ आसा."

तो हसला, पुन्हा नमस्कार करून गेला. वहिनीने तलवार उचलली आणि आत नेऊन ठेवली.

आता बाजारात कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच. परवा मास्तरांना सांगितलं, ते माझ्याकडे बघत राहिले. रापणीवरचा तो तरणा आता बापमाणूस झाला आहे. त्याला दुकानात बोलावून सांगितलं, बाबा, तूच बरोबर होतास. त्याने गावभर केलं. पुढच्या वर्षी जत्रेला मी पुढे बसणार आहे.

पण तुझ्याशी मी खोटं बोलत नाही. तो उजव्याच हाताचा होता, गुणाजी. तू पडद्याच्या मागे बसला होतास, म्हणून तुला उलटा दिसला. तू डाव्या हाताने जे उभं केलंस आणि मी दत्तारामकडून पाहिलं, ते त्या लढवय्यापेक्षा चांगलं होतं, हे माझं मत, तू कधी विचारलं नाहीस तरी देतो. पण होता तो उजवा. आता हस, त्या कपात हसला होतास तसा.

तुझा,
भिक्या